हलके वाहन लवकर थांबते काय?

गेल्या जून महिन्यात एक गृहस्थ आपल्या अठरा वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्या दवाखान्यात आले. वास्तविक अठरा वर्षांचा मुलगा हा बालरोगतज्ज्ञाचा रुग्ण नव्हे. परंतु ज्या मुलांना आपण जन्मल्यापासून पाहिलेले असते, ती मिसरूड फुटल्यानंतरही आपल्याकडेच येत राहतात, हा अनुभव मंडळातील माझ्या समव्यवसायी मित्रांना नवा नाही. या मुलाला त्रिगुणी लसीचा पहिला डोस मीच दिला होता. निमित्त सर्दी-खोकल्याचे होते. खरे कारण निराळे होते. मुलाला अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळाला होता, महाविद्यालय घरापासून बारा किलोमीटर दूर होते, आणि चिरंजीवांनी मोटारसायकलचा हट्ट धरला होता. तीही साधीसुधी नव्हे, ३९० सीसीची.

"डॉक्टर, आता तुम्हीच याला समजावा," वडील म्हणाले. "दोन वर्षे बसने जा, मग एखादी जुनी मोटार बघू म्हटले, तर ऐकत नाही."

मुलगा उद्धट नव्हता. त्याने शांतपणे आपली बाजू मांडली. "डॉक्टरकाका, मोटारसायकल मोटारीपेक्षा लवकर वेग घेते. वळणावर आडवी होऊन सहज निघून जाते. आणि हलकी असल्यामुळे लवकर थांबते. मग धोका दिसला तर त्यातून सुटायला तीच बरी नाही का?"

मी त्याला लगेच उत्तर दिले नाही. त्याने तीन विधाने केली होती. एखाद्या औषधाविषयी कोणी तीन दावे केले, तर आपण प्रत्येक दावा स्वतंत्रपणे तपासतो. येथेही तसेच करणे उचित होते. शिवाय हेच तीन दावे तीस वर्षांपूर्वी मी स्वतः केले होते आणि त्यांची किंमत दुसऱ्या कोणी मोजली होती. ती हकीकत आधी सांगतो.

आंबोलीचा घाट, १९९५

त्या वेळी मी एम.डी.चा विद्यार्थी होतो. सप्टेंबर महिन्यातील एका रविवारी आम्ही पाच निवासी डॉक्टर बेळगावहून आंबोलीमार्गे सावंतवाडीला निघालो. तिघे एका मित्राच्या वडिलांच्या मारुती ८०० मध्ये होते, आणि मी व आणखी एक मित्र माझ्या यामाहा आरएक्स १०० वर. शंभर सीसीचे ते टू-स्ट्रोक इंजिन अकरा अश्वशक्तीचे होते, आणि गाडीचे वजन शंभर किलोच्या आसपास. प्रत्येक सरळ रस्त्यावर मी मारुतीला मागे टाकीत होतो आणि पुढे थांबून तिची वाट पाहत होतो. आपण श्रेष्ठ वाहनावर आरूढ आहोत याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

घाट उतरू लागलो तेव्हा धुके होते आणि रस्ता ओला. एका डाव्या वळणावर मी वेगमापकाकडे पाहिले, तेव्हा काटा चाळिसावर होता. वळण अपेक्षेपेक्षा अधिक आवळत गेले. मी घाबरून मागचा ब्रेक दाबला. पुढे काय झाले हे मला क्रमाने आठवत नाही. मागचे चाक बाहेर निसटले आणि आम्ही दोघे गाडीसह घसरत कठड्याच्या दगडावर आदळलो एवढेच आठवते. माझे कोपर सोलपटले. मागे बसलेल्या मित्राच्या उजव्या मांडीचे हाड मोडले. आमच्या मागून जवळजवळ त्याच वेगाने आलेली मारुती त्याच वळणावर थोडी बाहेरच्या बाजूस सरकली आणि चारही चाकांवर उभी राहिली. त्यातूनच मित्राला रुग्णालयात नेले.

त्याचे एक वर्ष वाया गेले. त्याचा उजवा पाय आजही दीड सेंटिमीटरने आखूड आहे. तो आज भूलतज्ज्ञ असून आपल्याच मंडळाचा सदस्य आहे, आणि त्याच्या संमतीनेच मी हे लिहीत आहे. मारुती सुटली आणि आम्ही का पडलो, हा प्रश्न मी पुढे अनेक वर्षे मनात घोळवला. बालरोगशास्त्रातून त्याचे उत्तर मिळणार नव्हते. अकरावी-बारावीच्या पदार्थविज्ञानातून ते मिळाले.

पहिला दावा: वेग

वाहन किती चपळाईने वेग घेते हे त्याच्या नुसत्या शक्तीवर ठरत नाही. शक्ती आणि वजन यांच्या गुणोत्तरावर ठरते. ३९० सीसीच्या मोटारसायकलची शक्ती सुमारे ४३ अश्वशक्ती आणि वजन १६५ ते १७० किलो. ६५ किलोचा चालक धरला तर दर किलोमागे सुमारे ०.१८ अश्वशक्ती पडते. आपल्याकडील छोट्या मोटारीची शक्ती ८० अश्वशक्ती आणि चालकासह वजन हजार किलोच्या घरात, म्हणजे दर किलोमागे ०.०८. याचा अर्थ, हजार किलोच्या मोटारीला या मुलाच्या मोटारसायकलची बरोबरी करायची तर तिला १८० अश्वशक्तीचे इंजिन लागेल. सिग्नल हिरवा झाल्यावर पहिल्या शंभर मीटरांत मोटारसायकल पुढे का जाते, हे यावरून कळते.

तथापि हा दावा सर्व दुचाकींना लागू नाही. आपल्या गल्लीबोळांतून धावणारी शंभर सीसीची मोटारसायकल सुमारे आठ अश्वशक्तीची असते. तिचे वजन चालकासह पावणेदोनशे किलोच्या आसपास धरले तर गुणोत्तर ०.०४५ येते, छोट्या मोटारीच्या जेमतेम निम्मे. ती चपळ वाटते, कारण ती अरुंद आहे आणि वाहनांच्या गर्दीतून वाट काढते.

वेग वाढला की आणखी एक घटक पुढे येतो, तो म्हणजे हवा. हवेला कापीत जाण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी ६० किलोमीटरला जेवढी शक्ती हवेपायी खर्च होते, त्याच्या आठपट ताशी १२० ला होते. मोटारसायकलस्वाराची उघडी छाती, खांदे आणि गुडघे हवेच्या दृष्टीने अतिशय बेडौल असतात. त्यामुळे प्रारंभी मिळालेली आघाडी पुढे पुढे घटत जाते.

तात्पर्य, पहिला दावा मोठ्या मोटारसायकलपुरता खरा आहे. परंतु लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, मनगट पिळून वेग घेण्याची कला कोणताही तरुण एका दुपारी शिकतो.

दुसरा दावा: वळण

"आडवी होऊन सहज निघून जाते," असे मुलगा म्हणाला होता. येथे कारण आणि परिणाम यांची गल्लत झालेली आहे.

कोणतेही वाहन वळते ते टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणामुळे. वळण्यासाठी किती घर्षण लागेल हे वेगाचा वर्ग आणि वळणाची त्रिज्या यांवर अवलंबून असते. वाहनाला चाके दोन आहेत की चार, याने त्या गरजेत फरक पडत नाही. तीस मीटर त्रिज्येचे वळण घ्या. ताशी ४० किलोमीटर वेगाने ते घ्यायचे असेल तर वाहनाच्या वजनाच्या ४२ टक्के एवढे बाजूचे घर्षण हवे. ताशी ५० ला ते ६६ टक्के होते, आणि ताशी ६० ला ९४ टक्के. कोरड्या, चांगल्या डांबरी रस्त्यावर सामान्यतः ७० ते ९० टक्के घर्षण उपलब्ध असते. ओल्या रस्त्यावर ते ४०-५० टक्क्यांवर येते, आणि रस्त्यावर तांबडी माती, ओला पाला किंवा सांडलेले डिझेल असेल तर त्याहूनही खाली. बेळगावच्या वाचकांना चोर्ला आणि आंबोली घाटांतील पावसाळ्याचे वर्णन करून सांगण्याची आवश्यकता नाही.

आता मोटारसायकल आडवी होते ती घर्षण वाढावे म्हणून नव्हे. न झुकली तर ती बाहेरच्या बाजूस उलटेल म्हणून. वरील वळणावर ताशी ४० ला तिला साधारण २३ अंश झुकावे लागते आणि ताशी ६० ला ४३ अंश. वेग दीडपट झाला की झुकाव जवळजवळ दुप्पट होतो. शर्यतीतील स्वार साठ अंशांहूनही अधिक झुकतात, परंतु त्यांचे टायर तापवलेले, मऊ आणि त्या एकाच कामासाठी घडवलेले असतात. त्यांच्या वळणावर उसाच्या ट्रॉलीतून पडलेला पाचोळा नसतो.

खरा फरक पडतो तो मर्यादा ओलांडल्यावर. मोटारीचे पुढचे टायर घसरू लागले की ती थोडी बाहेर जाते, टायर कुरकुरतात, स्टिअरिंग हलके लागते, चालक वेग कमी करतो आणि पकड परत येते. चार चाकांवर उभ्या असलेल्या वस्तूला तोल सांभाळावा लागत नाही. मोटारसायकलचा तोल मात्र त्याच घर्षणावर अवलंबून असतो. घर्षण संपले की वळण आणि तोल दोन्ही एकाच क्षणी जातात. मोटार घसरते तेथे मोटारसायकल पडते. आंबोलीच्या घाटात आम्ही आणि मारुती यांच्यात एवढाच भेद होता.

याच्या जोडीला दुसरी एक गोष्ट आहे, आणि ती मला त्या काळी कोणी सांगितली नव्हती. टायरची पकड ही मासिक पगारासारखी असते. ती वळण्यावर खर्च करा किंवा ब्रेक लावण्यावर. एकूण रक्कम तेवढीच. ओल्या रस्त्यावर ४५ टक्के पकड होती असे धरले, तर माझ्या त्या वळणाने ४२ टक्के आधीच खाल्ले होते. मी मागचा ब्रेक दाबला तेव्हा खात्यात काहीच शिल्लक नव्हते. वेग वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना कमी करायला हवा होता.

घाबरलेल्या स्वाराच्या हातून आणखी एक चूक होते. वळणाच्या मध्यावर पुढचा ब्रेक दाबला की मोटारसायकल उभी होऊ पाहते आणि सरळ जाऊ लागते. सरळ म्हणजे उजव्या वळणावर रस्त्याच्या बाहेर आणि डाव्या वळणावर समोरून येणाऱ्या वाहनाच्या अंगावर. शिवाय माणूस भीतीने ज्या वस्तूकडे पाहत राहतो, त्याच वस्तूकडे त्याची गाडी जाते. कठड्याचा तो दगड मी शेवटपर्यंत पाहत होतो.

दोन्ही वाहनांची तुलना एकाच मार्गावर करून पाहण्याची सोय आपल्या देशात झालेली आहे. ग्रेटर नोएडा येथील बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर २०११ ते २०१३ या काळात फॉर्म्युला वन मोटारींच्या शर्यती झाल्या आणि सप्टेंबर २०२३ मध्ये मोटोजीपी ही मोटारसायकलींची सर्वोच्च शर्यत झाली. २०११ च्या पात्रता फेरीत सेबास्टियन फेटेल याने एक फेरी सुमारे एक मिनिट २४ सेकंदांत पूर्ण केली. २०२३ मध्ये मार्को बेझेकी या सर्वांत वेगवान मोटारसायकलस्वाराला सुमारे एक मिनिट ४४ सेकंद लागले. मार्गात मधल्या काळात किरकोळ बदल झाले होते, परंतु वीस सेकंदांचा फरक त्याने पडत नाही. सरळ रस्त्यावर ही दोन्ही वाहने ताशी तीनशे किलोमीटरच्या पुढे जातात. ते वीस सेकंद वळणांवर आणि वळणांपूर्वीच्या ब्रेकवर जातात, कारण मोटारीचे पंख हवेच्या साहाय्याने तिला जमिनीवर दाबून धरतात आणि तिचे रुंद टायर त्या दाबाचे पकडीत रूपांतर करतात. आपल्या घरच्या मोटारीला असे पंख नसतात, त्यामुळे रस्त्यावरचा फरक एवढा मोठा नाही. पण दिशा तीच आहे.

तिसरा दावा: ब्रेक

हा दावा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत घातक. हलके वाहन लवकर थांबते, असे आपल्यापैकी पुष्कळांना मनापासून वाटते. प्रत्यक्षात वाहन थांबवणारे घर्षण वाहनाच्या वजनाच्या प्रमाणात असते, आणि थांबण्याला होणारा विरोधही वजनाच्याच प्रमाणात असतो. समीकरण मांडले की दोन्ही बाजूंच्या वजनाचा छेद जातो. टायर आणि ब्रेक उत्तम असतील तर दीडशे किलोची मोटारसायकल आणि हजार किलोची मोटार तत्त्वतः सारख्याच अंतरात थांबतील.

व्यवहारात तसे होत नाही, आणि त्याची कारणे तीन आहेत. ब्रेक लावताच वाहनाचा भार पुढच्या चाकावर जातो. मोटारसायकल आखूड आणि स्वारासह उंच असल्यामुळे तिच्यात हा प्रकार फार तीव्र होतो. जोरात ब्रेक लावला असता तीन चतुर्थांश किंवा त्याहून अधिक भार पुढच्या चाकावर असतो आणि मागचे चाक जवळजवळ तरंगू लागते. म्हणजे थांबवण्याचे मुख्य काम पुढच्या ब्रेकचे. दुसरे, मोटारीत एकाच पेडलने चारही चाकांचे ब्रेक लागतात आणि कोणत्या चाकाला किती, याची वाटणी यंत्रणाच करते. मोटारसायकलवर पुढचा ब्रेक उजव्या हातात आणि मागचा उजव्या पायात; वाटणी स्वाराने करायची, तीही अर्ध्या सेकंदात. तिसरे, आपल्याकडे सायकल शिकवतानाच "पुढचा ब्रेक दाबू नकोस, उलटशील" असा उपदेश मुलांच्या मनावर बिंबवला जातो. परिणामी आपले असंख्य स्वार आयुष्यभर केवळ मागच्या ब्रेकवर विसंबून राहतात.

याचा हिशेब मी त्या मुलाला कागदावर करून दाखवला. वेग ताशी ६० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला पावणेसतरा मीटर. धोका दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद धरला तर तेवढे अंतर तर गेलेच. त्यापुढे एबीएस असलेली मोटार कोरड्या रस्त्यावर साधारण १८ मीटरांत थांबते. दोन्ही ब्रेक बऱ्यापैकी वापरणाऱ्या मोटारसायकलस्वाराला २३-२४ मीटर लागतात. केवळ मागचा ब्रेक वापरणाऱ्याला ४० मीटर लागतात. एकूण अंतर अनुक्रमे ३५, ४० आणि ५७ मीटर.

मुलगा म्हणाला, "म्हणजे वीस-बावीस मीटरांचा फरक."

मी त्याला त्याच आकड्यांकडे दुसऱ्या बाजूने पाहायला सांगितले. पस्तिसाव्या मीटरला एक बैलगाडी आडवी आली आहे असे समजा. मोटार तिच्यापाशी येऊन उभी राहील. मागच्या ब्रेकवर विसंबलेला स्वार त्याच ठिकाणी पोहोचेल तेव्हा त्याचा वेग अजून ताशी ४४ किलोमीटर असेल. त्याने तो हिशेब स्वतः पुन्हा करून पाहिला आणि बराच वेळ काही बोलला नाही.

चाक जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा मोटारीत १९७८ मध्ये आली, मोटारसायकलवर १९८८ मध्ये. आपल्या देशात १२५ सीसीवरील नव्या दुचाकींना ती बंधनकारक झाली ती एप्रिल २०१८ पासून. आधीपासून विक्रीत असलेल्या नमुन्यांना एप्रिल २०१९ पासून. १२५ सीसीपर्यंतच्या दुचाकींना त्याच नियमानुसार निदान सीबीएस, म्हणजे एका ब्रेकने दोन्ही चाके आवरण्याची सोय, आवश्यक ठरली. जुनी दुचाकी मुलाच्या हाती देताना तिच्यात यांपैकी काय आहे, हे पालकांनी अवश्य पाहावे.

आणि तरीही थांबता आले नाही तर

मोटारसायकलची बाजूही मांडली पाहिजे. ती अरुंद असल्यामुळे मोटारीला जेथून निसटता येत नाही तेथून निसटू शकते, आणि मोटार परवडत नाही अशा लाखो कुटुंबांचा संसार तिच्याच चाकांवर चालतो. तिला दोष देणे हा या लेखाचा हेतू नाही. प्रश्न एवढाच आहे, की आडाखा चुकला तर पुढे काय?

ताशी ६० किलोमीटर वेगाने आदळणे म्हणजे १४ मीटरांवरून, चौथ्या-पाचव्या मजल्यावरून पडणे. मोटारीचा पुढचा भाग चुरगळतो, पट्टा शरीराला धरून ठेवतो, आणि थांबण्यासाठी अर्धा-पाऊण मीटर अंतर मिळते. मोटारसायकलस्वाराला असे अंतर देणारी एकच वस्तू असते, हेल्मेटमधील दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा फोम. दीड मीटर उंचीवरून डोके जमिनीवर आपटले आणि अर्ध्या सेंटिमीटरात थांबले, तर मेंदूला गुरुत्वाकर्षणाच्या तीनशेपट धक्का बसतो. तेच दोन सेंटिमीटरांत थांबले तर पंचाहत्तरपट. त्या दीड सेंटिमीटरात पुष्कळदा सारे आयुष्य असते. कॉक्रेनच्या २००८ सालच्या पद्धतशीर आढाव्यात हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी घटतो, असा निष्कर्ष निघाला. एवढा प्रभावी प्रतिबंधक उपाय आपल्या औषधांच्या कपाटात फारसा सापडणार नाही. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली; त्यांतील सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील होती.

बालरोगतज्ज्ञ म्हणून मला याहून अस्वस्थ करते ते टाकीवर बसवलेले मूल. बाळाचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि मान दुबळी. ब्रेक लागला की त्याचे तोंड हँडलवर आपटते आणि मागून वडिलांचा सारा भार त्याच्यावर येतो. आईच्या मांडीवरील नऊ किलोचे बाळ साध्या जोरदार ब्रेकने सात किलोच्या ओढीने पुढे जाते. ही ओढ आई सांभाळू शकेल. धडक बसली तर तीच ओढ अडीचशे किलोंच्या घरात जाते, आणि जगातील कोणत्याही आईचे हात तेथे पुरे पडणार नाहीत.

पौगंडावस्थेतील मुलांविषयी आपले शास्त्र सांगते, की थरार शोधणारी मेंदूची केंद्रे लवकर जागी होतात आणि परिणामांचा विचार करणारा पुढचा भाग पंचविशीच्या आसपास परिपक्व होतो. म्हणजे मुलाच्या मेंदूतही वेग आधी येतो आणि ब्रेक मागाहून. वडिलांच्या संमतीपत्राने यात बदल होत नाही.

उद्यमबागेतील प्रयोग

त्या मुलाला कागदावरचे आकडे पटले होते. परंतु पटणे आणि हाताला वळण लागणे या भिन्न गोष्टी. म्हणून एका कोरड्या रविवारी सकाळी उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील निर्मनुष्य रस्त्यावर आम्ही चौघे जमलो: तो मुलगा, त्याचे वडील, मी आणि माझा भूलतज्ज्ञ मित्र. मुलाच्या मामांची एबीएस असलेली मोटारसायकल आणली होती. मुलाने हेल्मेट, हातमोजे आणि जाड पँट घातली होती. ताशी चाळीसच्या वेगाने येऊन चुन्याच्या रेषेवर ब्रेक लावायचा, एवढेच करायचे होते.

केवळ मागच्या ब्रेकने तो साधारण १८ मीटरांवर थांबला, तोही गाडी वेडीवाकडी होत. दोन्ही ब्रेक लावण्याचे पहिले दोन-तीन प्रयत्न भीतीपोटी फसले. आठव्या प्रयत्नाला तो अकरा मीटरांवर थांबला. नंतर माझ्या मित्राची मोटार वडिलांनी चालवली. तिच्यासाठी त्यांनी कोणताच सराव केला नव्हता. पेडल पूर्ण दाबले आणि ती नऊ मीटरांच्या आत उभी राहिली. फीत धरण्याचे काम माझा मित्र करीत होता. लंगडत लंगडत तो प्रत्येक खुणेपर्यंत जाई आणि आकडा मोठ्याने सांगे. मुलाने त्याच्या पायाविषयी विचारले तेव्हा मित्राने माझ्याकडे पाहिले. मग मीच सांगितले.

३९० सीसीचा हट्ट मुलाने त्यानंतर कधी सोडला, हे मला ठाऊक नाही. ऑगस्टमध्ये वडिलांचा फोन आला, की पहिले सत्र बसने जायचे आणि नंतर १२५ सीसीची गाडी घ्यायची असे दोघांनी मिळून ठरवले आहे. मी त्याला आयएसआय चिन्हाचे, आयएस ४१५१ मानकाचे हेल्मेट भेट दिले.

मंडळाच्या सदस्यांना एक विनंती

कायदा पुरेसा स्पष्ट आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार चार वर्षांवरील प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट आवश्यक आहे. २०२२ च्या नियमांनुसार नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांना चालकाशी जोडणारा सुरक्षा पट्टा आणि त्यांच्या मापाचे हेल्मेट हवे, आणि वेग ताशी ४० किलोमीटरहून अधिक नको. हे नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहेत. अल्पवयीनाच्या हातून वाहन चालवताना गुन्हा घडला, तर पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो.

हे सारे पालकांपर्यंत कोण पोहोचवणार? मला एक योगायोग सुचवावासा वाटतो. नवव्या महिन्यात मूल गोवर-रुबेला लसीसाठी आपल्याकडे येते. त्याच महिन्यात त्याला सुरक्षा पट्ट्याचा नियम लागू होतो. पाचव्या वर्षी त्रिगुणीच्या बूस्टरसाठी येते, तेव्हा हेल्मेटची सक्ती नुकतीच लागू झालेली असते. सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाच्या लसीसाठी येते, तेव्हा त्याचे डोळे शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर खिळलेले असतात. या तीन भेटींत आपण प्रत्येकी दोन मिनिटे द्यावीत. पहिल्या भेटीत विचारावे, "बाळाला दुचाकीवर कसे नेता?" दुसऱ्या भेटीत, "याचे स्वतःचे हेल्मेट आहे काय?" आणि तिसऱ्या भेटीत मुलालाच विचारावे, "पुढचा ब्रेक वापरतोस काय?" मी जुलैपासून लसीकरणाच्या कार्डावर या तीन ओळींचा शिक्का मारू लागलो आहे.

परवा एका आईने तो शिक्का वाचून विचारले, "डॉक्टर, ही कुठली लस?" मी तिला खिडकीतून खाली उभी असलेली त्यांची स्कूटर दाखवली, आणि बाळाला तिच्यावरून घरी कसे नेणार आहात, असे विचारले.